वहीतलं आणि पट्टीवरचं

हृदयाचे ठोके नोंदवणारा, छातीला चिकटवलेला छोटा रेकॉर्डर परत दिल्यावर काही दिवसांनी डॉक्टरांनी त्याचा अहवाल माझ्यासमोर ठेवला. शेजारी माझी वही उघडी होती. रेकॉर्डर अंगावर असताना काय काय जाणवलं ते वेळ घालून लिहायला त्यांनी सांगितलं होतं आणि मी ते फार मनापासून केलं होतं. मंगळवारी दुपारच्या नोंदीत लिहिलं होतं : ‘जेवणानंतर खूप धडधड, ठोके घशाशी, हातपाय गार, घाबरून बटण दाबलं.’ बुधवारी रात्री : ‘शांत झोप लागली. काही नाही.’ डॉक्टरांनी आधी मंगळवारची पट्टी, म्हणजे ठोक्यांचा आलेख, दाखवली. लय सरळ होती. मधूनच एखादा ठोका वेळेआधी पडलेला, त्यानंतर जरा मोठी फट, आणि पुन्हा सगळं सुरळीत. मग त्यांनी बुधवारच्या रात्रीचं पान उलटलं. मध्यरात्र उलटून गेल्यावर एएफ, म्हणजे माझं ते लय विस्कटण्याचं दुखणं, सुरू झालं होतं आणि ते पहाटेपर्यंत चाललं होतं. दोन ठोक्यांमधलं एकही अंतर दुसऱ्यासारखं नव्हतं. अनेक आठवड्यांनी मी निर्धास्त झोपले होते ती हीच रात्र.

‘बऱ्याच जणांचं असंच असतं,’ डॉक्टर सहज म्हणाले. मला मात्र ते सहज घेता येईना.

एट्रियल फिब्रिलेशन, म्हणजे डॉक्टर आणि आम्ही रुग्णही ज्याला नुसतं ‘एएफ’ म्हणतो ते, मला आहे हे त्याआधीच कळलेलं होतं. त्यात काय घडतं तेही पाठ झालेलं होतं. हृदयाच्या उजव्या अलिंदातल्या, म्हणजे वरच्या कप्प्यातल्या, साइनस नोड नावाच्या पुंजक्यातून मिनिटाला ६० ते १०० वेळा इशारा निघावा आणि सगळ्या हृदयाने तो मानावा, ही रोजची रीत. एएफमध्ये दोन्ही अलिंदांत मिनिटाला ३५० ते ६०० विस्कळीत लहरी उठतात. अलिंदं आकुंचन पावायचं सोडून नुसती थरथरत राहतात. अलिंदं आणि निलयं, म्हणजे खालचे कप्पे, यांच्यामधला एव्ही नोड नावाचा दुवा त्यातल्या बहुतेक लहरी अडवतो, म्हणून माणूस तगून राहतो. पण ज्या निसटतात त्या वेळीअवेळी निसटतात, आणि खालची निलयं कधी घाईघाईने तर कधी अंमळ रेंगाळून धडकतात. निलयं भरत असताना शेवटी अलिंदांचा एक रेटा येतो, त्याने २० ते ३० टक्के रक्त आत येतं. तो रेटाच नाहीसा होतो. हे सगळं मला माहीत होतं, चित्र काढून दाखवता आलं असतं. आणि इतकी मोठी उलथापालथ माझ्याच शरीरात रात्रभर चालू असताना मी गाढ झोपले होते. आपल्या दुखण्याची पहिली साक्षीदार आपण, असं मी धरून चालले होते. ती साक्षच आता डळमळीत झाली.

बरं, जाणवतं तेव्हा तरी ते एकसारखं असावं, तर तसंही नाही. कधी रात्री डाव्या कुशीवर वळल्याबरोबर सुरू होतं. उशीतून ठोके कानात येतात, दोन पटापट, मग काहीच नाही, मग एक जोराचा, की छातीच्या आतून कुणी ढुशी दिली असं वाटावं. उठून बसावं लागतं. श्वास पुरत असतो, पण पुरतोय अशी खात्री वाटत नाही. कधी धडधड अजिबात नसते. सकाळपासून फक्त पायांत शक्ती नसते. जिन्याच्या निम्म्या वाटेवर कठड्याला धरून उभं राहावं लागतं, आणि मागून येणाऱ्याला वाटतं की मी फोन बघायला थांबले आहे. कधी वाकून उठताना डोळ्यांपुढे क्षणभर अंधारी येते. कधी छातीत दुखत नाही, जड वाटत नाही, पण तिथे काहीतरी पोकळ झालंय आणि ती पोकळी पोटापर्यंत गेली आहे असं वाटत राहतं. आणि एक लक्षण असं, की जे मी सुरुवातीला कुणालाच सांगितलं नव्हतं, कारण त्याचा हृदयाशी संबंध असेल असं मनातही आलं नव्हतं : झटका सुरू झाला की थोड्या वेळाने पुन्हा पुन्हा लघवीला जावं लागतं, आणि भरपूर होते. भीतीने होत असेल असं समजून मी गप्प होते. मग एकदा धीर करून विचारलं, तेव्हा कळलं की अलिंदांच्या भिंती ताणल्या गेल्या की त्या एक संप्रेरक सोडतात आणि मूत्रपिंडं जास्त पाणी बाहेर टाकू लागतात. त्या दिवशी मला किती हलकं वाटलं ते सांगता येणार नाही. जे मी माझा भित्रेपणा समजत होते ते शरीराचं साधं काम होतं.

झटका संपतो त्याचीही तऱ्हा ठरलेली नाही. काही वेळा तो नकळत ओसरतो; कामात असते आणि मागाहून लक्षात येतं की आता नाहीये. काही वेळा मात्र लय परत येण्याआधी एक मोठी फट पडते. पुढचा ठोका येईपर्यंतचा तो काळ घड्याळात फार नसतो. पण त्या वेळात मी काय काय आठवून घेते! मग एक दणकट ठोका, त्यामागे दुसरा, तिसरा, सगळे सारख्या अंतराने. दुसऱ्या दिवशी अंग असं गळून जातं की केस विंचरायला हात वर नेणंही जिवावर येतं. आणि नेमक्या त्याच दिवशी लोक म्हणतात, ‘आज बरी दिसतेस.’

निदान होण्याआधीचे महिने मला अजून आठवतात. झटका यायचा, आम्ही दवाखान्यात पोचेपर्यंत ओसरायचा. ईसीजीची पट्टी निघायची ती स्वच्छ. साध्या ईसीजीत जेमतेम १० सेकंदांची नोंद असते, हे मला तेव्हा माहीत नव्हतं. त्या १० सेकंदांत जे सापडलं नाही ते नाहीच, असा सगळ्यांचा समज, आणि हळूहळू माझाही. ‘टेन्शन घेऊ नका, झोप नीट घ्या,’ असं एका ठिकाणी सांगितलं गेलं. सांगणाऱ्याचा हेतू वाईट नव्हता. पण बाहेर पडताना नवऱ्याच्या चेहऱ्यावर सुटकेचं हसू होतं, आणि त्या हसण्यात मी एकटी पडले होते. काळजी आणि धडधड यांची गाठ सोडवणं खरंच अवघड आहे. धडधडलं की भीती वाटते, भीती वाटली की अंगात अॅड्रिनलिन वाढतं, आणि त्याने पुन्हा धडधडतं. वहीतला माझा मंगळवार बहुधा असाच होता : एक-दोन ठोके वेळेआधी पडले आणि बाकीचं काम भीतीने केलं. तरीही तो खोटा होता असं मी म्हणणार नाही. हातपाय गार पडले होते ते माझेच.

बाबांचं याच्या अगदी उलट होतं.

एका सकाळी आम्ही दोघं समोरासमोर बसून कसलेसे कागद लावत होतो. ते काहीतरी विचारायला लागले आणि शब्द भलतेच आले. एकेक शब्द सुटा ओळखू येत होता, पण मिळून काही अर्थ लागत नव्हता. उजव्या हातातलं पेन खाली पडलं. त्यांनी ते उचलायला हात पुढे केला आणि बोटं मिटलीच नाहीत. तोंडाची एक बाजू जराशी ओघळली होती. साधारण अर्ध्या तासात सगळं पूर्ववत झालं. बाबा ठणठणीत, उलट आमच्या धावपळीवर चिडलेले. ‘आता झालं ना बरं? मग जायचं कशाला?’ आईने ऐकलं नाही म्हणून आम्ही गेलो. मेंदूला जाणारं रक्त थोडा वेळ अडलं होतं, पक्षाघाताची ती आगाऊ सूचना होती, आणि मुळाशी एएफ निघालं. किती दिवसांपासून होतं कुणालाच सांगता येईना, कारण बाबांना कधी काही जाणवलंच नव्हतं. धडधड नाही, दम नाही, चक्कर नाही. त्या रात्री त्यांच्या पलंगाशी बसून मी पहिल्यांदा त्यांचं मनगट हातात घेतलं. पाऊस थांबल्यावर पागोळ्या गळत राहतात ना, एक थेंब, बराच वेळ काही नाही, मग तीन लागोपाठ, पुन्हा एक, तशी ती नाडी होती. कितीही वेळ मोजली तरी पुढचा ठोका केव्हा येईल याचा अंदाज बांधता येत नव्हता. ‘बाबा, तुम्हाला खरंच काही होत नाहीये?’ मी विचारलं. ‘अगं, मला काय होतंय? तुम्हीच घाबरवता मला,’ ते म्हणाले आणि कूस बदलून झोपी गेले.

त्यांना रक्त पातळ करणारं वॉरफरिन सुरू झालं. हे औषध आधी, १९४८ साली, उंदीर मारण्यासाठी बाजारात आलं आणि माणसांना ते १९५४पासून देऊ लागले, हे बाबांनी कुठेतरी वाचलं आणि दर गोळीला ते सांगायचे. आयएनआर, म्हणजे रक्त गोठायला किती वेळ लागतो ते सांगणारा आकडा, दोन आणि तीनच्या मध्ये राहावा म्हणून पुन्हा पुन्हा रक्त तपासायचं, पालेभाजी कमी-जास्त झाली तरी आकडा हलायचा, दाढी करताना जरासं कापलं तर रक्त थांबायला वेळ लागायचा. न जाणवणाऱ्या आजारासाठी एवढं सगळं करणं त्यांना अन्यायाचं वाटे. आणि मला त्यांना समजावणं जड जाई, कारण समजवायला त्यांच्याच शरीरातला पुरावा हाताशी नव्हता. एएफमध्ये अलिंदांतलं रक्त नीट ढवळलं जात नाही. डाव्या अलिंदाला कानाच्या पाळीसारखा एक छोटा कप्पा असतो, त्यात ते साकळतं, गुठळी होते आणि ती सुटून मेंदूकडे गेली तर पक्षाघात. अमेरिकेतल्या फ्रेमिंगहॅम गावातल्या लोकांच्या आरोग्यावर अनेक दशकं लक्ष ठेवून जो अभ्यास झाला त्यातून दिसलं की एएफ असलेल्यांना पक्षाघाताचा धोका सुमारे पाच पट असतो. गुठळी होताना मात्र दुखत नाही. ती झाल्याचं कळण्याचं कुठलंही लक्षण नाही.

बाबांना पुन्हा तसा पक्षाघाताचा झटका आला नाही. काही वर्षांनी ते गेले ते वेगळ्याच आजाराने, आणि शेवटपर्यंत त्यांची नाडी तशीच होती. माझं सुरू झालं तेव्हा ते नव्हते. रात्री उशीतून ठोके ऐकत जागी असले की मला त्यांचा हेवा वाटायचा, हे खरं आहे. तोच आजार, तेच रक्त, आणि त्यांना मात्र त्याने कधी उठवलं नाही. मग ती न मिटणारी बोटं आठवायची आणि वाटायचं की निदान माझं हृदय मला हाक तरी मारतं. गेल्या महिन्यात अहवालातलं ते पान पाहिलं आणि हा आधारही गेला. माझ्यातही बाबा आहेत. बुधवारच्या रात्री मी त्यांच्यासारखीच कूस बदलून झोपले होते.

पट्टीच नव्हती त्या काळात या आजाराचा माग माणसांनी कसा काढला असेल, असं मनात आलं म्हणून मी मिळेल ते वाचत गेले. इंग्लंडमधल्या बर्नली नावाच्या गावात जेम्स मॅकेन्झी नावाचे साधे फॅमिली डॉक्टर होते. मनगटाची नाडी आणि मानेतल्या शिरेची हालचाल शाईने एकाच कागदावर उमटवणारं यंत्र त्यांनी बनवून घेतलं होतं. वर्षानुवर्षं तपासलेल्या रुग्णांची नाडी कायमची बिघडली की मानेच्या आलेखातली अलिंदाची लाट नाहीशी होते, हे त्यांनी टिपलं. म्हणजे अलिंद काम करायचं थांबलंय, इतपत ते पोचले. ईसीजीचं यंत्र घडवणाऱ्या विलेम आइंथोवन यांनी १९०६ साली एएफचा ईसीजी छापला, आणि १९०९मध्ये लंडनचे डॉक्टर थॉमस लुइस यांनी ही वाकडी नाडी म्हणजे अलिंदांचं थरथरणं हे पक्कं केलं. मला मात्र मॅकेन्झी जास्त जवळचे वाटतात. तेच ते रुग्ण, वर्षं लोटत जातात, आणि एक डॉक्टर त्यांच्या मानेकडे बघत बसलेला असतो. आपल्याकडे इतकं लक्ष देऊन कुणी बघावं, ही आजारी माणसाची भूक काही वेगळीच असते.

१९९४ साली प्रसिद्ध झालेल्या एका छोट्या अभ्यासात रुग्णांच्या लयीची नोंद आणि त्यांच्या तक्रारी शेजारी शेजारी ठेवल्या होत्या. न जाणवलेले झटके जाणवलेल्यांपेक्षा सुमारे बारा पटींनी जास्त निघाले. आणि धडधडतंय म्हणून केलेल्या पुष्कळशा तक्रारींच्या वेळी लय मुळात ठीकच होती. माझी दोन पानं या अभ्यासात सहज बसली असती. हे वाचून दिलासा मिळायला हवा होता. थोडा मिळालाही. पण त्याबरोबर एक चमत्कारिक राग आला, कुणावर ते कळेना. इतकी वर्षं मी माझ्या दिवसांची विभागणी ‘चांगला’ आणि ‘वाईट’ अशी करत आले, प्रवास ठरवले, रद्द केले, लग्नाकार्यांना जाणं टाळलं, ते सगळं ज्याच्या भरवशावर, ते माप हृदयाचं नव्हतंच की काय?

डॉक्टरांना मी हे जवळपास याच शब्दांत विचारलं. ते गडबडीत नव्हते, हे माझं नशीब. त्यांनी कागदाच्या एका बाजूला गुठळीच्या धोक्याचा हिशेब मांडला, ज्याला ते चॅड्स-व्हॅस्क म्हणतात. हृदय कमजोर झालंय का, रक्तदाब आहे का, वय काय, मधुमेह, आधी झालेला पक्षाघात, रक्तवाहिन्यांचा आजार. स्त्री असण्याचाही त्यात एक गुण धरला जायचा, अलीकडे काही ठिकाणी तो वगळतात. मी यादी दोनदा वाचली. धडधडतं किती, दम लागतो किती, झोप उडते किती, यांना त्यात जागाच नाही. रक्त पातळ करणारी गोळी घ्यायची की नाही हे तिथे ठरतं, आणि तिथे माझ्या वहीला कुणी विचारत नाही. मग कागदाच्या दुसऱ्या बाजूला त्यांनी त्रासाची श्रेणी लिहिली : काहीच त्रास नाही इथपासून रोजचं जगणं थांबलं इथपर्यंत, एक ते चार. ठोके आवरायचे की लय परत आणण्याच्या मागे लागायचं, त्यासाठी किती जोखीम पत्करायची, यात या बाजूचं वजन मोठं. ‘इथे मात्र तुमची वही लागते,’ ते म्हणाले. ‘इथे ती पट्टीइतकीच खरी.’

तो कागद मी घडी घालून पर्समध्ये ठेवलाय. माझ्या मनात ज्या दोन गोष्टी एकमेकींत गुंतल्या होत्या त्या त्याच्यावर वेगळ्या दिसतात. शांत रात्र म्हणजे गोळी चुकवायची परवानगी नव्हे; गोळी रोज, ठरल्या वेळी, मला बरं वाटो वा न वाटो. वेळच्या वेळी घेतली तर पक्षाघाताचा धोका सुमारे दोन-तृतीयांशाने उतरतो, आणि उतरताना तो मला कधीच जाणवणार नाही. उलट, धडधडणारी प्रत्येक दुपार मृत्यूची सूचना नव्हे. हे मला बुद्धीने कळतं. दुपारी ठोके घशाशी येतात तेव्हा बुद्धी फारशी उपयोगी पडत नाही, पण आता मी मनगटावर बोटं ठेवते आणि आधी एवढंच बघते, की पुढच्या ठोक्याचा अंदाज बांधता येतोय का. येत असेल तर बसून राहते. बोलणं अडखळलं, चेहरा ओघळला, हात लुळा पडला, तर मात्र क्षणाचाही विचार नाही आणि ‘आता बरं वाटतंय’ हे कुणाचंही ऐकायचं नाही, हे मी घरातल्या सगळ्यांकडून पाठ करून घेतलंय. शुद्ध हरपली, छातीत दुखायला लागलं, बसल्या जागी दम लागला, तरी तेच.

मुलीने दिलेल्या, ठोके मोजणाऱ्या घड्याळाचं काय करावं, हे अजून ठरत नाही. तिने प्रेमाने मनगटावर बांधलं. सुरुवातीला मी दर थोड्या वेळाने आकडा बघायची आणि बघितल्यानेच तो वाढायचा. शिवाय एएफमध्ये काही ठोके इतके अपुऱ्या भरलेल्या निलयांचे असतात की त्यांची लाट मनगटापर्यंत पोचतच नाही. स्टेथोस्कोपला ऐकू येणारे ठोके आणि मनगटावरचे ठोके यांत फरक पडतो. आता घड्याळ रात्री काढून ठेवते. मुलगी नाराज आहे. ‘आई, रात्रीच तर तुला कळत नाही ना?’ ती म्हणते, आणि तिचं म्हणणं बरोबर आहे. तरी झोप ही माझी आहे असं मला वाटतं.

थकव्याचंही कोडं पूर्ण सुटलेलं नाही. ठोके आवाक्यात ठेवायला मी बीटा ब्लॉकर घेते. त्याने हृदय घाई करत नाही, पण जिना चढताना घाई करायला हवी तेव्हाही करत नाही. पाय जड झाले की ते एएफमुळे, गोळीमुळे, की नुसत्या वयामुळे, हे मला सांगता येत नाही आणि पट्टीलाही दर वेळी सांगता येत नाही.

आता अॅब्लेशनचं, म्हणजे हृदयात आतून डागण्याच्या उपचाराचं, बोलणं चाललंय. फ्रान्समधल्या बॉर्दो इथे मिशेल हाइसाग्वेर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९८ साली दाखवून दिलं की हे झटके पेटवणारे इशारे बहुतेक वेळा फुप्फुसांकडून डाव्या अलिंदात येणाऱ्या शिरांच्या तोंडाशी उगम पावतात. मांडीतल्या शिरेतून नळी वर नेऊन त्या तोंडांभोवती डागून ती वेगळी करायची. फार थांबू नये असंही सांगतात, कारण एएफ चालू राहिलं की अलिंद त्याला सरावतं. १९९५ साली नेदरलँड्समध्ये बकऱ्यांवर केलेल्या प्रयोगांत हे स्पष्ट दिसलं होतं. डॉक्टरांनी काहीही लपवलं नाही. पुन्हा करावं लागू शकतं. नंतर झटके कमी होतात, पण जे उरतात त्यांत न जाणवणाऱ्यांचा वाटा वाढलेला असतो. म्हणून रक्त पातळ करणारी गोळी बरं वाटलं म्हणून थांबणार नाही; ती कागदाच्या पहिल्या बाजूवर ठरेल.

‘मग यातून तुम्हाला नेमकं काय हवंय?’ त्यांनी विचारलं. असं मला आधी कुणी विचारलं नव्हतं. नवरा माझ्याकडे बघत होता. त्याला ‘पूर्ण बरं व्हायचंय’ हे उत्तर ऐकायचं होतं, आणि ते न देता येणं मला जड गेलं. मी म्हणाले, मला जिना हवाय. मध्ये न थांबता, सामान हातात घेऊन, वरपर्यंत. आणि डाव्या कुशीवर झोपता यायला हवं. बाकी जे मला कळत नाही ते तुम्ही अधूनमधून पट्टी लावून बघत राहा. डॉक्टरांनी ते माझ्या केसपेपरवर तसंच लिहून घेतलं, जिन्यासकट, आणि कुठल्या तारखा मोकळ्या आहेत ते बघायला लागले.